हरवलेलें दत्तकपत्र

आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांना परदेशीं असलेल्या मुलीकडे जावयाचें होतें. त्यांचें दत्तविधान १९५७ सालीं पुण्यांत झालें. परंतु दत्तकपत्र ज्या पेटींत होतें, ती पेटी १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतच्या पुरांत नारायण पेठेंतल्या घरांतून वाहून गेली. जन्माच्या नोंदींत जनकपित्याचें नांव, शाळेच्या दाखल्यांत दत्तक पित्याचें. पासपोर्टाच्या कचेरीनें मधला दुवा मागितला. "ज्या नांवानें मुंज झाली, लग्न झालें, त्या नांवाचा मी नव्हे कीं काय?" असा त्यांचा सवाल होता.

त्यांचा राग शास्त्राला धरून होता, हें येथें सांगावयास हवें. आपल्या धर्मशास्त्रानें दत्तकासाठीं कागद कधींच मागितला नाहीं. जनकानें मूल द्यावें व दुसऱ्यानें तें घ्यावें, हें देणेंघेणें म्हणजेच दत्तक. कागदाला महत्त्व आलें तें राज्यकर्त्यांच्या मान्यतेपायीं; आणि तेथें कागद असूनहि भागलें नाहीं. झांशीच्या गंगाधररावांनीं २० नोव्हेंबर १८५३ रोजीं इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष दत्तक घेतला, तसें पत्रहि त्यांच्या हातीं दिलें व दुसऱ्या दिवशीं देह ठेवला. तरीहि डलहौसीनें १८५४ मध्यें संस्थान खालसा केलेंच. साताऱ्याची गत १८४८ मध्यें अशीच झाली होती. पुढें कॅनिंगनें संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, त्या सत्तावनच्या वणव्यानंतर!

देण्याघेण्याचा पुरावा किती दुर्घट असतो, हें पाहावयाचें असेल तर ताईमहाराज प्रकरण पाहावें. पुण्याचे सरदार बाबामहाराज १८९७ मध्यें वारले. त्यांच्या मृत्युपत्रानें लोकमान्य टिळक विश्वस्तांपैकीं एक झाले. जून १९०१ मध्यें औरंगाबादेस त्यांच्या विधवेनें, ताईमहाराजांनीं, जगन्नाथ हा मुलगा दत्तक घेतला. पुढें त्यांचें मन फिरलें व ऑगस्टांत त्यांनीं कोल्हापूरच्या शाखेंतील बाळामहाराजांस दत्तक घेतलें. मग वाद कशावर? औरंगाबादेस मूल खरोखरच मांडीवर बसविलें होतें कीं नाहीं, यावर! तसें पाहिल्याचें टिळकांनीं शपथेवर सांगितलें, म्हणून त्यांच्यावर खोट्या साक्षीचा खटला झाला. १९०३ मध्यें शिक्षा झाली, ती १९०४ मध्यें उच्च न्यायालयानें रद्द केली. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला, आणि १९१५ मध्यें प्रिव्ही कौन्सिलानें जगन्नाथाचें दत्तक खरें ठरविलें. एका मुलाला मांडीवर घेण्याचा क्षण, व त्यासाठीं चौदा वर्षें. यांतील राजकारण बाजूला ठेवलें तरी साक्षीदारांच्या स्मरणावर विसंबण्याची किंमत येथें दिसून येते.

१९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानेंहि कागद आवश्यक केला नाहीं. दत्तहोमाचें बंधन मात्र काढून टाकलें. तथापि देणाऱ्या व घेणाऱ्या दोघांच्या सह्यांचें नोंदणी झालेलें दत्तकपत्र पुढें आलें, तर दत्तक कायदेशीर झालें असें न्यायालयानें, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावें, असें सोळाव्या कलमानें सांगितलें. आमच्या आप्तांचें नशीब एवढेंच कीं त्यांच्या दत्तक पित्यानें नोंदणी केली होती. नोंदलेला कागद घरांतून गेला तरी सरकारी पुस्तकांतून जात नाहीं, आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें दस्तऐवजावर हक्क सांगणाऱ्यास त्याची प्रमाणित नक्कल मिळते. मूळ कागद हरवला असतां दुय्यम पुरावा चालतो, हें तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होतें. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तें आहे. नोंदणी नसती तर निमंत्रणपत्रिका, समारंभाचें छायाचित्र, हयात असलेला एखादा साक्षीदार, असें सारें गोळा करून न्यायालयाचें दार ठोठवावें लागलें असतें.

तारीख कोणालाच नक्की आठवत नव्हती. नावांच्या सूचीवरून नोंद शोधण्यांत तीन आठवडे गेले. कारकून वृद्ध गृहस्थांशीं सौजन्यानें वागला, हें मुद्दाम नमूद करतों. नक्कल हातीं आली तेव्हां त्यांनीं ती दोनदां वाचली. तींत जनकपित्याच्या सहीखालीं जनकमातेच्या संमतीची एक ओळ होती. आपल्या आईला कोणी विचारलें होतें, हें त्यांना त्या दिवशींच कळलें.