डुकराची धास्ती

डुकराचें नांव काढतांच पुष्कळ घरांत नाक मुरडलें जातें. परंतु भूल देतांना एरव्हीं दगावले असते असे कित्येक रुग्ण आज वाचतात, त्याचें श्रेय थोडें या प्राण्याकडेही जातें. हें ऋण कसें जडलें, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

‘ताण’ हा शब्द आज सर्वतोमुखीं झाला आहे. पण त्याच्या शास्त्रीय विचाराचा पाया १९३६ सालीं घातला गेला. माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनीं त्या वर्षीं असें दाखविलें कीं, थंडी, जखम, विष, अतिश्रम अशीं कारणें निरनिराळीं असलीं तरी उंदरांचें शरीर त्या सर्वांना एकाच ठराविक रीतीनें तोंड देतें.

पूर्वीं युरोप-अमेरिकेंत डुक्कर पाळीत तें मांसाप्रमाणेंच चरबीसाठींही. दुसऱ्या महायुद्धानंतर वनस्पतींच्या तेलांनीं चरबीची जागा घेतली, गिऱ्हाइकाला बिनचरबीचें मांस आवडूं लागलें, आणि पैदास करणारांनीं भरदार स्नायूंचीं जनावरें निवडून त्यांचीच वीण वाढविली. बेल्जममधील पिएत्रें ही जात तर आपल्या पुष्ट मांड्यांमुळेंच नांवारूपास आली. मात्र या निवडीबरोबर एक दोषही नकळत निवडला गेला. गाडींत चढवितांना, एकमेकांशीं झुंजतांना किंवा उकाड्यानें हीं डुकरें एकाएकीं थरथरूं लागत. अंग तापे, स्नायू लाकडासारखे ताठत आणि थोड्याच वेळांत प्राण जाई. जीं वांचून खाटिकखान्यापर्यंत पोंचत, त्यांचेंही मांस फिकट, मऊ व पाणी सुटलेलें निघे. १९६८ सालीं अमेरिकेंतील टोपेल व त्यांचे सहकारी यांनीं या विकाराला ‘वराहांचा ताणविकार’ अशा अर्थाचें नांव दिलें.

इकडे माणसांतही असाच एक विकार उघडकीस आला होता. १९६० सालीं मेलबर्न येथील डेनबरो व लव्हेल या वैद्यांनीं पाय मोडलेल्या एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला पायापेक्षां भुलीचीच धास्ती अधिक होती, कारण त्याचे दहा नातलग ईथरच्या भुलीनें दगावले होते! पुढें भुलीच्या औषधांनीं कांहीं डुकरांनाही तसाच ताप भरतो असें आढळलें. मग केपटाउन येथील हॅरिसन यांनीं १९७५ सालीं अशाच डुकरांवर डॅन्ट्रोलीन या औषधाचा प्रयोग यशस्वी करून दाखविला. आज मनुष्याच्या या विकारावर हेंच मुख्य औषध होय.

माणसाची सोय झाली, डुकराचें काय? त्याच्यासाठीं खाद्यांतून उपाय शोधण्यांत आले. मॅग्नेशियम हें स्नायूंतील कॅल्शियमच्या कार्याला आवर घालतें. ऑस्ट्रेलियांत १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कत्तलीपूर्वीं पांच दिवस मॅग्नेशियमचा क्षार खाऊं घातल्यावर मांसाचा फिकटपणा कमी झाला. ट्रिप्टोफॅन हें दुसरें द्रव्य. मेंदूंत त्यापासून सेरोटोनिन बनतें व तें वृत्ति शांत ठेवण्यास साह्य करतें. मक्यांत मात्र तें अल्प असतें, म्हणून तें वरून घालावें लागतें. असे उपाय कधीं लागू पडतात, कधीं पडत नाहींत.

मूळ दोष सांपडला तो १९९१ सालीं. टोरॉन्टो येथील मॅक्लेनन यांच्या प्रयोगशाळेंत असें सिद्ध झालें कीं, स्नायूंतील कॅल्शियमची वाट उघडणाऱ्या एका जनुकांत अवघ्या एका अक्षराचा फरक पडल्यानें हा अनर्थ होतो. रक्ताच्या परीक्षेनें सदोष जनावर ओळखतां येऊं लागलें आणि अनेक कळपांतून हा दोष वगळण्यांत आला. जें पुडीनें साधलें नव्हतें, तें विचारपूर्वक केलेल्या पैदाशीनें साधलें.

तथापि निर्दोष वंशाचें डुक्करही अंधाऱ्या, दाटीच्या खुराड्यांत कंटाळतें आणि शेजाऱ्याचें शेपूट चावतें. रूथ हॅरिसन यांनीं १९६४ सालीं अशा कोंडवाड्यांविरुद्ध पुस्तक लिहिलें; दुसऱ्याच वर्षीं ब्रिटिश सरकारनें नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीचा अहवाल बाहेर आला. २००१ सालीं युरोपीय संघानें डुकरांना उकरण्या-हुंगण्यासाठीं पेंढ्यासारखी वस्तु दिलीच पाहिजे असा नियम केला.

आधीं मनुष्यानें भय उत्पन्न करावयाचें आणि मग त्यावर खाद्यांतून औषध द्यावयाचें, हा उफराटा न्याय होय. औषधाला त्याचें स्थान आहे. पण मूठभर पेंढा, मोकळी जागा आणि हांकणाऱ्याचा सौम्य हात यांची जागा कोणत्याही पुडीला घेतां येत नाहीं, हाच या इतिहासाचा बोध आहे.