घर नव्हे, बिढार

मराठीत राहत्या जागेसाठी दोन शब्द आहेत आणि दोन्हींची क्रियापदे वेगळी आहेत. घर बांधतात, बिऱ्हाड करतात. घर वाडवडिलांकडून येते. त्यात नवी सून माप ओलांडून शिरते आणि तिने शिरायचे कोणत्या दारातून, हे ती जन्मण्याआधीच ठरलेले असते. बिऱ्हाड मात्र शोधावे लागते. दोन खोल्या बऱ्या की तीन, पाणी किती लांब, शेजार कसा, भाडे परवडते का, हे कुणाला तरी विचारावे लागते आणि विचारले की उत्तर देणाऱ्याचे मत जन्माला येते. नवरा-बायकोने घर शोधण्याविषयी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांचा इतिहास सांगायचा तर तो घराचा नसून बिऱ्हाडाचा आहे. तो बहुधा एकोणिसाव्या शतकापासून, म्हणजे सरकारी नोकरी, बदली आणि टपाल आल्यापासून सांगितला जातो. कागदापुरते ते खरे आहे. पण त्या पत्रांच्या मुळाशी जो प्रश्न असतो, कुठे राहायचे हे ठरवणार कोण आणि त्यात बायकोचा शब्द किती, तो मराठी गद्यात सहाशे वर्षे आधीच उतरला होता. उतरला तो वऱ्हाडात, रिद्धपुरी. तिथे नवरा-बायकोची पत्रे सापडत नाहीत. अशी पत्रे शक्य व्हायला जे आधी घडावे लागते, ते सापडते.

रिद्धपूर म्हणजे जुने ऋद्धिपूर, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले गाव आणि महानुभाव पंथाची काशी. तेराव्या शतकात पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू इथे राहत होते. शके १२०० म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी इथल्याच वाजेश्वरीच्या देवळात बसून चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहून काढल्या. तो ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. या ग्रंथात चक्रधरांच्या पूर्वायुष्याची जी हकीकत आहे, तिचे वळण एका घरगुती खटक्यावर आहे. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव, म्हणजे पुढचे चक्रधर, जुगारात हरतो. देणे फेडायला बायकोचे, कमळाइसेचे, दागिने मागतो. ती देत नाही. हरिपाळदेवाला विरक्ती येते, रामयात्रेचे निमित्त करून तो रामटेकच्या वाटेला लागतो आणि ऋद्धिपुरात त्याला गोविंदप्रभू भेटतात. पंथाच्या दृष्टीने हा वैराग्याचा प्रसंग आहे. संसाराच्या दृष्टीने पाहिले तर एका बायकोने स्त्रीधनावरचा आपला हक्क सोडला नाही, याची ही नोंद आहे. तिचा नकार लिहिणाऱ्याने झाकला नाही, तिला त्यासाठी कैदाशीणही ठरवले नाही. ज्या गावात मराठी गद्य उभे राहिले, त्या गावाच्या गोष्टीच्या उंबरठ्यावर पत्नीचा नकार आहे.

चक्रधरांनी आपल्या माणसांना घर धरू नका असे शिकवले. स्वतःचा देश, स्वतःचे गाव, नातेवाइकांचा गोतावळा, सगळ्यांचा संबंध तोडा. झाडाखाली राहा, भिक्षा मागून जेवा. पण पाऊस, आजारपण आणि रात्र कुणाला चुकली नाही, म्हणून या बेघर मंडळींना गावोगाव उतरायला जागा शोधावी लागे. तिला ‘लीळाचरित्रा’त शब्द आहे ‘बिढार’. आजच्या बिऱ्हाडाचे हे जुने रूप. अमक्या देवळात, तमक्या मठात बिढार झाले, अशा नोंदींमधून तेराव्या शतकातला महाराष्ट्र मुक्काममुक्कामाने दिसतो. पुढच्या शतकात ‘स्थानपोथी’ तयार झाली तेव्हा तर या नोंदींना मोजणीचे रूप आले. दार पूर्वेला की उत्तरेला, पटांगण कुठे, कोणत्या कोपऱ्यात काय होते, इतके बारकाईने लिहून ठेवले. ज्यांनी घर सोडले, त्यांनीच जागांची इतकी काटेकोर टिपणे ठेवावीत, हा विरोध वरवरचा आहे. घरात राहणाऱ्याला दाराची दिशा लिहून ठेवावी लागत नाही. ती पायांना माहीत असते. जागा लिहावी लागते ती दूर असलेल्याला कळवण्यासाठी. घराविषयीच्या पत्राचा पहिला गुण हाच आहे आणि तो इथे आहे.

या बिढारांत बायका होत्या, आणि त्या नवऱ्यामागून ओढल्या गेलेल्या नव्हत्या. चक्रधरांनी संन्यासाचे दार स्त्रियांना आणि शूद्रांना उघडे ठेवले, विटाळ मानला नाही. स्वामींची उठबस आणि स्वयंपाक पाहणाऱ्या बाइसा, प्रश्न विचारून विचारून गुरूला बोलते करणारी महदाइसा, ही या मेळ्यातली ठळक माणसे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे जोडपे आहे दामोदर पंडित आणि हिराइसा यांचे. दामोदर पंडित ‘वच्छाहरण’ लिहिणारा कवी, गाण्यातही जाणकार. घर सोडायचे की नाही हा प्रश्न दोघांपुढे सारखाच होता, आणि पाऊल आधी हिराइसेचे पडले. पुढे तो तिच्या मागून आला. त्या काळच्या रीतीत नवरा काशीला निघाला तर बायको घरी राहते किंवा मागोमाग जाते. बायको आधी निघते आणि विद्वान नवरा मागून येतो, ही वाट उलटी आहे. हिराइसेची स्मरणशक्ती अशी की चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नाहीशी झाल्यावर जे पाठ आठवणीतून पुन्हा उभे केले गेले, त्यांतला एक ‘हिराइसा पाठ’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे कुठे राहायचे हे ठरवणाऱ्या बाईलाच पुढे काय आठवायचे हेही ठरवता आले. दोन्ही अधिकार बहुधा एकाच मुळाचे आहेत.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. हे भक्तांचे लिखाण आहे. चरित्रकाराला गुरूचा महिमा सांगायचा असतो, त्याच्या ओळींतून संसाराचा इतिहास काढणे म्हणजे नवसाच्या पाळण्यावरून जन्मनोंद करणे. आक्षेपात तथ्य आहे, पण तो सगळ्या ओळींना सारखा लागत नाही. म्हाइंभटांची रीत पाहावी. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे ते गेले, त्याच्या तोंडून ऐकले, चक्रधरांमागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणी असतील तर त्या पुसून एकसारख्या करण्याची घाई या परंपरेने केली नाही. कोण काय सांगतो ते नावानिशी राखले. शिवाय महिमा वाढवायला चमत्कार उपयोगी पडतो, दाराची दिशा नाही. कमळाइसेने दागिने नाकारले याने कुणाचा महिमा वाढत नाही. लिहिणाऱ्याचा ज्यात काही स्वार्थ नाही अशा ओळींवर इतिहासाने भर द्यावा, आणि घर, चूल, मुक्काम यांच्या ओळी बहुतेक तशाच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ही माणसे संसार सोडणारी. त्यांच्या साक्षीवरून संसार करणाऱ्यांविषयी काय कळणार? याचे उत्तर खुद्द रिद्धपुरातच एका लग्नात मिळते. गोविंदप्रभूंना एकदा लग्न करून घेण्याची लहर आली आणि भक्तांनी ते साजरे करायचे ठरवले. त्या प्रसंगी महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गायिले. म्हणून तिला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात. महदाइसा विधवा होती. ज्या बाईने मंगलकार्यात पुढे येऊ नये असा दंडक, तिने रिद्धपुरात लग्नाची गाणी म्हटली. आणि गायिली कुणाची? रुक्मिणीची, जिचे माहेर परंपरेने वऱ्हाडातच, वर्धेच्या काठी कौंडिण्यपुराला मानले आहे. भागवताच्या त्या कथेचा सगळा कणा म्हणजे एक निरोप आहे. घरच्यांनी ठरवलेले घर नको म्हणणारी मुलगी ब्राह्मणाच्या हाती सांगावा धाडते. आवडीच्या चार शब्दांपाशी ती थांबत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूला गावाबाहेर देवीच्या दर्शनाला नेतात, तेव्हा ये, असे ती कळवते. दिवस, जागा, वाट. मराठी कीर्तनकारांनी त्याला ‘रुक्मिणीचे पत्र’ म्हटले ते उगीच नाही. संसार सोडलेल्या बाईने संसार निवडणाऱ्या बाईची कथा गाण्यासाठी घेतली, कारण दोघींना जोडणारा प्रश्न एकच होता: मी कुठे राहावे हे मी सांगू शकते का?

मग यापुढे सहाशे वर्षे पत्रे का नाहीत? महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या गुप्त लिप्यांत बंद झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्यांना वाचता आले नाहीत, हे एक कारण. पण मोठे कारण साधे आहे: बाईच्या हाती अक्षर नव्हते. नागदेवाचार्यांनी पंथाच्या पंडितांना संस्कृतात लिहू नका, माझ्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, असे बजावले. ती बजावणी ऐकणाऱ्या बायकांसाठी होती. बायकांनी लिहावे इथपर्यंत समाजाची मजल गेली नाही. पेशवाईत मोठ्या घरच्या बायका पत्रे लिहीत. गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावाला, दिनचर्येविषयी लिहून पाठवलेली शिकवण प्रसिद्ध आहे. पण असा कागद वडीलकीचा आणि कारभाराचा. नवरा-बायकोत तर नावाचीच अडचण होती. नवऱ्याचे नाव घ्यायचे ते उखाण्यात, तेही चारचौघांनी आग्रह केल्यावर. मायना काय लिहावा, पाकिटावर कुणाचे नाव घालावे, इथूनच गाडे अडणार. शिवाय एकत्र कुटुंबात नवऱ्याने बायकोला स्वतंत्र पत्र लिहिणे हाच चावटपणा मानला जाई. वडिलांना लिहिलेल्या पत्राच्या तळाशी ‘घरी सर्वांस आशीर्वाद’ लिहिले की त्यात बायको आली. जिथे बायको ‘सर्वांस’मध्ये मोडते, तिथे तिला खोल्या किती हव्यात हे कोण विचारणार?

ही कोंडी फुटली ती बदल्यांमुळे. पगारी नोकरीने पुरुषाला वाड्यातून उचलून परगावी टाकले आणि तिथे त्याला बिऱ्हाड करावे लागले. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण टपाल खात्यातच मिळावे, हा योग गमतीचा आहे. गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीला होते. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असे त्यांचे आणि आनंदीबाईंचे बिऱ्हाड हलत गेले. परदेशातले आनंदीबाईंचे पहिले घरही पत्रानेच मिळाले. बायकोला अमेरिकेत शिकवण्याविषयी गोपाळरावांनी १८७८ मध्ये एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले. ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी वाचले आणि १८८० मध्ये त्यांनी जोशी दांपत्याशी पत्रव्यवहार सुरू केला. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय निघाल्या आणि थेट कार्पेंटरांकडे उतरल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात शिकताना त्यांनी नवऱ्याला मराठीत जे लिहिले, त्यात थंडी आहे, जेवण आहे, साडी नेसण्याची पद्धत का बदलावी लागली याचा खुलासा आहे, आणि गोपाळरावांच्या टोचणाऱ्या वाक्यांना दिलेली उत्तरेही आहेत. भारतात एका छताखाली जे त्यांना बोलता आले नसते, ते हजारो मैलांवरून लिहिता आले. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये आनंदीबाईंचे चरित्र लिहिले ते या पत्रांच्या आधारे. एका बाईची पत्रे दुसऱ्या बाईने वाचून इतिहास केला. ११ मार्च १८८६ ला पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू. रक्षा मात्र गेली अमेरिकेत, पकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत. नात्याने जे घर नव्हते आणि पत्राने झाले होते, तिथे.

शेवटचा आक्षेप उरतो: ही सगळी अपवादाची माणसे. हिराइसा काय, आनंदीबाई काय, लाखांत एखादी. हे मान्यच आहे. पण अपवाद कोणत्या ठिकाणी उगवतात, त्यात नियम दिसतो. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. काही वर्षांनी त्या नगरला त्यांच्याकडे गेल्या तेव्हाही लगेच एका चुलीवर आल्या नाहीत. आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक त्यांनी काही काळ वेगळा ठेवला आणि १९०० मध्ये स्वतःच्या मताने निर्णय घेतला. दामोदर पंडित आणि हिराइसा यांची ही उलट बाजू: तिथे बायको पुढे, इथे नवरा, पण दोन्हीकडे मागे राहिलेल्याने ‘मागून येईन, पण माझ्या पायांनी’ असे धरून ठेवले. कमळाइसेने दागिने धरले, लक्ष्मीबाईंनी चूल धरली. यांपैकी एकही गोष्ट वाडवडिलांच्या घरात घडलेली नाही, किंवा घडली तर ते घर मोडताना घडली. बाईचा शब्द उमटला तो रस्त्यावर, मठात, मिशनच्या आवारात, परक्या देशातल्या खोलीत. जिथे जागा दोघांनाही नवी होती आणि म्हणून दोघांनाही विचारावे लागले.

आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, आणि ‘लीळाचरित्रा’कडे पुन्हा भाषेचा आद्यग्रंथ म्हणून पाहिले जाईल. ते योग्यच, पण या ग्रंथाला केवळ भाषेचा जन्मदाखला समजू नये. मराठी माणसांच्या राहण्याचा तो पहिला कागदही आहे. घराण्यांच्या दप्तरांत जमिनीचे, वतनांचे, वाटण्यांचे कागद नीट बांधून राहतात, कारण त्यांवर हक्क ठरतो. बायकोने ‘जागा ओलीची आहे, मूल खोकते, दुसरी पाहा’ असे लिहिलेल्या चिठोऱ्यावर कोणताच हक्क ठरत नाही, म्हणून त्याला रुमालात जागा नसते. रिद्धपूरच्या बेघरांना हक्क सांगायचाच नव्हता. त्यामुळे मुक्कामाची जागा आणि त्या मुक्कामी कोण काय बोलले, हे दोन्ही त्यांनी सारख्याच मोलाने लिहिले. आपल्याला घराचा इतिहास हवा असेल तर दप्तरे आहेतच. घरातल्या बोलण्याचा हवा असेल, तर बिढारापासून सुरुवात करावी लागते.