जालना प्रांतातील विद्या व हुन्नर

गोदावरीच्या उत्तरेस, अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटी हे गाव आहे. इसवी सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात श्री. मनोज जरांगे पाटील यांनी मराठा समाजाच्या आरक्षणासाठी तेथे उपोषण आरंभिले आणि त्या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्या मागणीचा निवाडा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नव्हे. परंतु तिच्या मुळाशी जी चिंता आहे, ती जातपात न पाहता प्रत्येक कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी वास करते. शेतीवर पोट भरत नाही. मग लेकरांस विद्या कोठे मिळावी, आणि विद्येमागून काम कोठे मिळावे? जालना प्रांतात हा प्रश्न निदान दीडशे वर्षे विचारला जात आहे, आणि त्याची उत्तरे शोधणारेही येथेच होऊन गेले.

त्यांतील पहिले स्मरण रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे. हे जन्माने ब्राह्मण. १८४३ मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला व पुढे ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक झाले. ते आपल्या कॅथलिक संप्रदायाचे नव्हते. तथापि त्यांच्या कार्याचा धडा सर्वांस घेण्याजोगा आहे. १८६० नंतर ते जालन्यास आले. त्यांचे ऐकून ख्रिस्ती झालेले पुष्कळ लोक मांग समाजातील होते. दोर वळणे, केरसुण्या बांधणे आणि गावकीची कामे करून मिळेल त्या बलुत्यावर राहणे, हे या समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जिणे. ज्याचे अन्न गावाच्या मर्जीवर, त्याने स्वतंत्र बुद्धीने चालावे कसे? ही अडचण ओळखून शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांजकडून जालन्याजवळ सुमारे ८०० एकर जमीन मिळविली. ती पहिली २५ वर्षे साऱ्यावाचून होती. तेथे त्यांनी बेथेल नावाचे गाव वसविले. मंदिर आणि शाळा यांच्या जोडीस शेती व हातव्यवसाय असावेत, अशी त्या गावाची योजना होती. १८९१ मध्ये शेषाद्री निवर्तले. त्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी श्रमिकांच्या स्थितीवर आपले विख्यात परिपत्रक प्रसिद्ध केले, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी शेतकऱ्याच्या मुलास विद्येचे दार अरुंदच राहिले. १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, शाळा वाढल्या. पण १९७२ च्या दुष्काळाने दाखविले की, पाटीवर अक्षर उमटले तरी विहिरीत पाणी उतरत नाही. हजारो माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. त्या कामाने प्राण वाचले, परंतु हाती नवा हुन्नर आला नाही.

हुन्नर हाती आला म्हणजे काय घडते, याचा दाखला जालन्याच्या बियाण्यांच्या व्यवसायात आहे. श्री. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी स्थापिली. १९९८ मध्ये त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित कपाशीच्या बियाण्यासाठी फुलातील पुंकेसर वेळेवर काढणे, दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावणे, हे नाजूक काम हातानेच करावे लागते. ते शिकलेल्या शेतकऱ्यास थोड्या जमिनीतही नेहमीच्या पिकाहून अधिक मोल देणारे पीक घेण्याची वाट सापडली.

१ मे १९८१ रोजी, म्हणजे श्रमिक संत योसेफ यांच्या सणाच्या दिवशी, जालना जिल्हा अस्तित्वात आला. जालन्यानजीक खरपुडी येथे श्री. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने कृषी विज्ञान केंद्र चालविले. अशा केंद्रांची रीत शाळेहून निराळी. तेथे शेतकरी, गृहिणी आणि शाळा सुटलेले तरुण प्रत्यक्ष करून शिकतात. प्रमाणपत्रापेक्षा अंगी उतरलेले कसब मोठे मानले जाते.

या मंडळाच्या मार्गदर्शनाने कडवंची गावी पाणलोटाचे काम झाले. ज्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली ते झाले, त्याचे प्रवर्तक येशूसंघी फादर हर्मन बाकर होते. स्वित्झर्लंडचे हे धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले, अहमदनगरच्या दुष्काळी खेड्यांत आयुष्य वेचले आणि २०२१ मध्ये निवर्तले. त्यांच्या कार्यक्रमाचा दंडक असा की, ग्रामस्थांनी आधी श्रमदान करावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी, आणि बांध कसा घालावा हे स्वतः शिकावे. कडवंचीकरांनी ते केले. पुढे शेततळी झाली, द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. २०१२ च्या कठीण दुष्काळातही त्यांतील बागा तगल्या.

या इतिहासाचे तात्पर्य काय? केवळ अक्षराने दारिद्र्य हटत नाही, केवळ मजुरीनेही नाही. अक्षर, हुन्नर आणि तो वापरावयास पायाखाली जमीन व पाणी, ही तिन्ही एकत्र आली तेथेच घर उभे राहिले. आजही मराठवाड्यातील कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात आणि लेकरांची शाळा मध्येच तुटते. अशा लेकराला गावीच ठेवून घेणारे एक घर, संध्याकाळचा एक वर्ग, दहावीत अडलेल्या मुलास एखादे कसब शिकविणारा एक कारागीर, हे आपल्यापैकी कोणत्याही धर्मग्रामास अशक्य नाही. महोत्सवाच्या वर्षी मंदिराला रंग द्यावाच. पण त्या रंगाबरोबर एका तरी मुलाच्या हाती एक तरी हुन्नर द्यावा, म्हणजे पुढच्या महोत्सवास तो मदत मागण्यास नव्हे, मदत देण्यास येईल.