डेरिक परेरांचे दोन संघ

आमच्या सावद्याला फुटबॉल म्हणजे पावसाळ्यात चिखलात घातलेला धिंगाणा. खेळाचा खरा नाद लागला तो वाचनातून. त्यातच ब्रायन क्लफ भेटला. इंग्लंडचा हा गोलवीर. 1962 मध्ये गुडघा गेला आणि खेळ जवळपास तिथेच संपला. मग मॅनेजर झाला आणि त्याने नॉटिंगहॅम फॉरेस्टला 1979 आणि 1980 असा दोनदा युरोपियन कप मिळवून दिला.

आपल्याकडे असं कोण? मला आठवतात गोव्याचे डेरिक परेरा. साळगावकरचे आणि भारताचे बचावपटू. प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली. कोलकाता-गोव्याची मक्तेदारी असलेल्या या लीगमध्ये महाराष्ट्राचा हा पहिलाच विजेता! पुढे पुणे एफसी. हा नवखा संघ त्यांच्या हाताखाली 2009-10 मध्ये आय-लीगमध्ये तिसरा आणि 2012-13 मध्ये दुसरा आला.

पण महिंद्राचा संघ 2010 मध्ये बंद झाला. 2014-15 च्या हंगामानंतर पुण्याचाही गेला. चाहते होते हो, पण संघ ठेवायचा की मोडायचा हे मालकाच्या हातात. फॉरेस्टसुद्धा 2005 मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला होता. पण क्लब मोडला नाही. क्लफचा तर नॉटिंगहॅममध्ये पुतळा आहे.

परेरा मात्र थांबले नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये एफसी गोवाचा प्रशिक्षक हंगामाच्या मध्येच सोडून गेला, तेव्हा संघ सांभाळायला तेच उभे राहिले.

पुतळ्याचं सोडा... त्या विजेत्या संघाचं नाव तरी आपल्यापैकी किती जणांना आठवतं?