सणाचा अर्क आणि आपली ज्ञाती

आपल्या भंडारी ज्ञातीच्या स्मरणिकांतून मायनाक भंडारी यांचे आरमारी शौर्य, भागोजीशेठ कीर यांचे औदार्य आणि रावबहादूर सीताराम केशव बोले यांची विधिमंडळातील कामगिरी यांवर वेळोवेळी लेख येत असतात, आणि ते यावेतच. परंतु ज्या माडाच्या व भट्टीच्या धंद्यावर आपल्या पूर्वजांचे पिढ्यान्‌पिढ्या पोट चालले, त्याविषयी लिहिण्याची वेळ आली की आपली लेखणी अडखळते. ज्ञातीच्या नावाच्या व्युत्पत्तीचेच पाहा. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी ‘भंडारी’ हे नाव मद्य गाळणारा या अर्थाच्या ‘मंडहारक’ शब्दापासून काढले. आपल्यातील लेखक ते ‘भांडार’ म्हणजे कोशागार, यापासून काढतात. उच्चाराच्या दृष्टीने दुसरी व्युत्पत्ती अधिक सरळ आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण तिचा पुरस्कार ज्या आवेशाने केला जातो त्यात भाषाशास्त्र थोडे आणि संकोच फार, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. हा संकोच थोडा वेळ बाजूस ठेवून या धंद्याच्या एका लहानशा कोपऱ्याचा इतिहास येथे मांडण्याचे योजिले आहे. तो कोपरा म्हणजे सणासुदीसाठी घरच्या घरी मसाला घालून मद्य सिद्ध करण्याची रीत.

ही रीत पाश्चात्त्यांनी आणली, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. तो टिकणारा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे मद्याचे प्रकार सांगितले असून, मैरेयात मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी आणि मिरी घालावी असे विधान आहे. चरकसंहितेत तर आसवांचे चौऱ्याऐंशी प्रकार मोजले आहेत. ही मद्ये आंबवलेली होत, भट्टीतून गाळलेली नव्हेत, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तथापि मद्यात मसाला उतरविण्याची कल्पना त्यांत स्पष्ट आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट त्याच प्रकरणात पुढे येते. कौटिल्य हा राजाच्या महसुलाचा एक पैही न सोडणारा ग्रंथकार. सुरेचा व्यापार त्याने पूर्णपणे राजसत्तेच्या हाती दिला. असे असूनही कुटुंबवत्सल गृहस्थांना मंगलकार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मोकळीक त्याने ठेवली, आणि उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगी चार दिवसांची सवलत सांगितली. बाजारचे मद्य वेगळे आणि घरचे सणाचे मद्य वेगळे, हा विवेक एवढा जुना आहे.

गाळीव अर्काची कोकणातील हकीकत पोर्तुगीज अमदानीपासून नीट हाती लागते. गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात राहत असे आणि मुंबई बेटही त्याच्याकडे खंडाने होते. त्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात माडाची सुरा, तिच्यापासून गाळलेला अर्क आणि त्यातील सर्वांत पहिला, कडक भाग यांचे वर्णन केले आहे. या पहिल्या भागाला त्याने दिलेले नाव ‘फूल’ असे आहे. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज ग्रंथात आपल्या भट्टीवरचा शब्द असा जसाच्या तसा भेटावा, याचा आम्हांस झालेला आनंद वाचकांनी समजून घ्यावा. त्यानंतर लिन्स्होटेन या डच प्रवाशाने 1596 साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात आणखी एक कृती येते. माडाच्या अर्कात होर्मुझहून आलेल्या मनुका धुऊन टाकावयाच्या, पिंप पूर्ण भरावयाचे नाही, आणि रोज ढवळीत जावयाचे. काही दिवसांनी अर्क तांबडा व मधुर होतो. अर्कात सुका मेवा मुरविण्याची ही आपल्या किनाऱ्यावरची जुनी लेखी नोंद होय.

इंग्रज वैद्य जॉन फ्रायर 1672 नंतर या किनाऱ्यावर हिंडला. गोव्याजवळील नेरूळ येथे उत्तम अर्क होतो आणि त्यापासून इंग्रज लोक ‘पंच’ नावाचे पेय करतात, असे तो लिहितो. अर्क, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच वस्तूंवरून ‘पाच’ हेच त्याचे नाव पडले, असे त्याचे म्हणणे. या व्युत्पत्तीविषयी पंडितांत मतभेद आहेत. पण पुढे विलायतेत ज्या पेयाने मेजवान्या गाजल्या, त्याचा अर्क आपल्या माडावरून उतरत होता, याविषयी वाद नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आजच्या पिढीतील बहुतेकांनी ती पाहिलेली नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे. माडाची न उमललेली पोय दोरीने बांधून, हलक्या हाताने ठोकून, तिचे टोक दररोज पातळ तासावयाचे आणि खाली मडके लावावयाचे. सकाळ-संध्याकाळ माडावर चढणे चुकत नसे; पावसाळ्यात शेवाळलेल्या बुंध्यावर चढताना जे पडले त्यांची गणती कोणी ठेवली नाही. मडक्याला आतून चुना लावला तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर काही तासांतच ती आपोआप आंबते, ती माडी. आणि हयगय झाली की तिचा शिरका होतो. म्हणून गाळण्याचे काम वेळेवर करावे लागे. मातीच्या मोठ्या भांड्यात माडी तापवावयाची, वाफ नळीने दुसऱ्या भांड्यात न्यावयाची आणि त्या भांड्यावर सतत गार पाणी सोडीत राहावयाचे. पहिल्या गाळपाचा अर्क सौम्य, दुसऱ्याचा तेज. तेज किती उतरले हे पाहण्यास यंत्र नव्हते. अर्क उंचावरून ओतून त्यावर येणारे मणी किती मोठे व किती वेळ टिकतात, हे पाहणारी नजर हेच यंत्र. गोव्यातील ‘फेणी’ हे नाव फेसावरून पडले असे मानतात, ते याच परीक्षेमुळे.

मसाला मुरविण्याची कला ही याहून निराळी, आणि ती मुख्यत्वे घरातील स्त्रियांच्या हाती होती. लवंग, दालचिनी, वेलची यांचा सुगंध ज्या तेलांत असतो ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, मद्यार्कात मात्र सहज उतरतात. हे रसायनशास्त्राने सांगण्यापूर्वीच अनुभवाने ठाऊक होते. मसाला अख्खा घालावा, कुटून घालू नये. कुटल्यास अर्क गढूळ होतो व गाळून निघत नाही. लवंग उतावीळ आहे, चार-पाचांनी बाटली भरून जाते आणि एक जास्त झाली तर बाकी सर्वांची चव मारते. दालचिनी फार दिवस राहिली तर तुरटपणा येतो, म्हणून ती आधी काढावी. वेलची सोलून घातली तर लवकर उतरते. जायफळाचा केवळ किस, कारण ते स्वतःच गुंगी आणणारे. साखर मंद आचेवर तांबूस होईतो जाळून घातली की रंग आणि किंचित कडवट गोडी दोन्ही येतात. यांत मापापेक्षा जिभेची स्मृती मोठी होती. वजनकाट्याने केलेला मसाला आणि हाताने केलेला मसाला यांत फरक पडतो, हे स्वयंपाकघरात वावरलेल्या कोणासही पटेल.

या कलेची दोन उत्तम रूपे आजही जिवंत आहेत, आणि दोन्ही आपल्या शेजाऱ्यांनी जपली आहेत. गोव्यात अनंतमुळाची मुळे घालून केलेली ‘दुकशिरी’ आणि जिऱ्याची फेणी प्रसिद्ध आहे. मुंबई, साष्टी आणि वसई या भागांतील मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात ‘खिमाड’ होते. जाळलेली साखर, दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ आणि कोठे कोठे चहाची पत्ती यांचा काढा करून त्यात गावठी अर्क मिसळतात. नाताळात आणि लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणण्याच्या विधीस ते लागतेच. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तरी तेथील ख्रिस्ती घरांतली ही रीत मोडली नाही. मसाला त्यांच्या घरचा असला तरी ज्यात तो पडे तो अर्क बहुधा आपल्या भट्टीचा असे. नाताळ हा त्यांचा सण, तशी भट्टीवाल्याची ती हंगामाची वेळ. धर्म निराळे झाले तरी माड एकच होता. आपल्याकडील शिमगा, दक्षिण कोकणात व गोव्यात राखणदाराला मद्याचा घोट आणि रोट ठेवण्याची प्रथा, आणि सर्दी-पडशाला घरचा मसाल्याचा अर्क चमचाभर देण्याची चाल ही सर्व याच एका परंपरेतली होत.

या गृहविद्येचा ऱ्हास होण्याचे कारण लोकांची रुची पालटली हे नव्हे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्यावाचून मद्य करणे बंद झाले. झाडागणिक कर बसला, माडांवर क्रमांक पडले, आणि गाळण्याचे काम माडाखालच्या छोट्या भट्टीतून निघून मोठ्या कंत्राटदारांच्या कारखान्यांकडे गेले. उरण येथील मोहाच्या दारूच्या भट्ट्या याच काळात भरभराटीस आल्या. 1892 च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली, म्हणजे डोंगरातल्या आदिवासींचीही तीच गत झाली. सरकारचे म्हणणे असे की दारू महाग केली म्हणजे लोक कमी पितील. महसूल मात्र वाढत गेला. कौटिल्याने चार दिवसांची जी सवलत ठेवली होती, ती ठेवण्याचे या नव्या सुराध्यक्षांस सुचले नाही. घरची बाटली आणि गुत्त्यावरची बाटली कायद्याच्या दृष्टीने एकच ठरली, आणि कारागीर हा गुन्हेगार ठरला.

मद्यपानविरोधी चळवळीचा आम्ही येथे अधिक्षेप करीत आहोत, असे कोणी समजू नये. गुत्त्याने गिरणगावातील किती संसार धुळीस मिळवले हे आपल्या ज्ञातीतील कुटुंबांना सांगावयास नको. दारूबंदीच्या बाजूने आपले अनेक कार्यकर्ते प्रामाणिकपणे उभे राहिले, ते योग्यच होते. 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबईत दारूबंदी प्रथम लागू झाली. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा होऊन 6 एप्रिल 1950 पासून राज्यभर पूर्ण बंदी आली. माडी काढणाऱ्यांपैकी काहींना नीरा केंद्रांनी आधार दिला. बहुतेकांना दिला नाही. त्यांनी कोयती खुंटीला अडकवून गिरणी, गोदी आणि पोलीसखाते गाठले.

याच काळातील एक गोष्ट इतिहासाची गंमत म्हणून सांगण्याजोगी आहे. 1951 साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांवरील बंदी अग्राह्य ठरविली. त्यानंतरच्या वर्षांत औषधाच्या दुकानातले आल्याचे टिंक्चर, ज्याला लोक नुसते ‘जिंजर’ म्हणत, ते औषधाखेरीज अन्य हेतूने भरपूर खपू लागले. आले मद्यार्कात मुरवून केलेला अर्क म्हणजे दुसरे काय? आजीबाईची बाटली गुन्ह्यात गेली आणि तीच बाटली लेबल लावून कपाटात उभी राहिली. फरक एवढाच की आजीबाईला त्यात काय घातले आहे हे ठाऊक होते.

हा फरक लहान नाही. 1960 नंतरच्या दशकात बंदी सैल होत गेली, परंतु माडाची भट्टी पूर्वीसारखी परत उभी राहिली नाही. तिची जागा चोरट्या हातभट्टीने घेतली. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती माडीच्या अर्काने मेली नाहीत, मद्यात मिसळलेल्या मिथेनॉल या औद्योगिक विषाने मेली. ज्याला आपण गाळलेला पहिला पेला शेजाऱ्याच्या लग्नात द्यावयाचा असतो, तो त्यात विष मिसळत नाही. हे बंधन कोणत्याही परवान्याने निर्माण होत नाही, आणि ते तुटल्यावर कोणत्याही छाप्याने सांधत नाही.

गोव्यात या बाबतीत अधिक समंजसपणा दिसला. काजूच्या फेणीस 2009 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि 2016 साली तेथील सरकारने फेणीस वारसा-पेयाचा मान दिला. महाराष्ट्रात परवान्याशिवाय अर्क गाळणे हा आजही गुन्हा आहे, आणि हा लेख वाचून कोणी घरी भट्टी लावू नये हे स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. परंतु आठवणींना परवाना लागत नाही. आपल्यापैकी ज्या घरांत माडांच्या क्रमांकाचे जुने अबकारी कागद, करपावत्या, माडीची मडकी, कोयत्या, अथवा आजी-पणजीच्या हातची मसाल्याच्या अर्काची कृती असेल, त्यांनी ती माळ्यावरून खाली काढून तिची नक्कल मंडळाच्या कार्यालयाकडे पाठवावी. माडावर चढलेली आणि भट्टीपाशी बसलेली जी थोडी वडीलधारी माणसे आज हयात आहेत, त्यांच्याकडून भट्टीवरचे शब्द प्रथम लिहून घ्यावेत. कारण कागद आणखी काही वर्षे थांबतील.