नकाशा एक, हुकूम कोणाचा? सरकारी संगणकांच्या आराखड्यांची गोष्ट

मागच्या भागात आपण १९९१ च्या आखाती युद्धातली रसद पाहिली. आज त्याच युद्धातल्या एका कागदापासून सुरुवात करू. हवाई मोहीम चालवणारं मुख्यालय सौदी अरेबियात, रियाधला होतं. कोणतं विमान कुठून उडेल, कोणतं लक्ष्य घेईल, हवेत इंधन कुठे भरेल, याचा शेकडो पानांचा हुकूम तिथून रोज निघायचा. हवाई दलाच्या तळांना तो संगणकावरून मिळायचा. नौदलाच्या विमानवाहू जहाजांवर मात्र तो घेण्याची सोय नव्हती. मग नौदलाचं विमान रोज तो हुकूम घेऊन जहाजावर जायचं. उपग्रह आणि अचूक मारा करणारी क्षेपणास्त्रं बाळगणाऱ्या देशाला आपल्याच नौदलाकडे एक हुकूम पोचवायला टपालवाल्यासारखं विमान धाडावं लागत होतं.

यात कोणाची यंत्रं वाईट होती असं नाही. हवाई दलाची यंत्रणा चांगली होती, नौदलाचीही चांगली होती. पण दोघांनी आपापल्या पैशातून, आपापल्या गरजेपुरती ती घेतली होती. दोन्ही एकमेकांना जोडायच्या आहेत हे कोणाच्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. आठ वर्षं आधी, १९८३ मध्ये, ग्रेनाडा या छोट्या बेटावर अमेरिकी फौजा उतरल्या तेव्हाही लष्कर आणि नौदल यांच्या रेडिओंचा मेळ बसला नव्हता. त्यानंतर १९८६ मध्ये गोल्डवॉटर-निकोल्स कायदा आला आणि तिन्ही दलांनी एकत्र लढावं अशी फेररचना झाली. सेनापतींचे अधिकार कायद्याने बदलले, पण गोदामातली आणि जहाजावरची यंत्रं कायद्याने बदलत नाहीत. ती बदलायला वेगळा उपाय हवा होता.

त्या उपायाचं नाव एंटरप्राइज आर्किटेक्चर. नाव ऐकून दचकू नका. संपूर्ण संस्था डोळ्यांपुढे ठेवून तिची कामं, तिची माहिती आणि तिचे संगणक यांचा एकत्र काढलेला आराखडा, एवढाच त्याचा अर्थ. आणि हा आराखडा कसा काढावा, त्यात कोणती चित्रं असावीत, ती कोणत्या क्रमाने मांडावीत हे सांगणारी पद्धत म्हणजे त्याची चौकट.

१९८७ मध्ये आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी कंपनीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता. घर बांधताना मालकाला दाखवायचं चित्र वेगळं असतं, वास्तुविशारदाचं वेगळं आणि गवंड्याच्या हातातलं वेगळं. तिन्ही चित्रं एकाच घराची, आणि तिन्ही खरी. संगणक-यंत्रणांचंही तसंच असायला हवं. झॅकमन यांनी एक तक्ता आखला. आडव्या ओळींत बघणारा कोण, उभ्या रकान्यांत प्रश्न कोणता. पहिल्या लेखात तीन प्रश्न होते, १९९२ मध्ये ते सहा झाले. आपल्या मराठीत ते फार सोपे आहेत: काय, कसं, कुठे, कोण, कधी आणि का. सगळे 'क'चे.

फौजेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटतं. आमच्या ऑपरेशन ऑर्डरमध्येही हीच उत्तरं असतात: परिस्थिती काय, काम काय, कोण कधी कुठून निघेल, रसद कशी येईल, कोणाशी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं. पण एक फरक लक्षात ठेवा. ऑपरेशन ऑर्डरच्या खाली कमांडरच्या नावाने सही असते. झॅकमन यांच्या तक्त्याखाली सहीची जागा नव्हती. पुढच्या तीस वर्षांची बरीचशी कथा त्या सहीची आहे.

१९९४ मध्ये विल्यम कोहेन या सिनेटरने एक अहवाल काढला. सरकारी खाती संगणकांवर अब्जावधी डॉलर वाया घालवत आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. त्यातून १९९६ चा कायदा आला, क्लिंगर-कोहेन नावाने तो ओळखला जातो. प्रत्येक मोठ्या खात्यात एक मुख्य माहिती अधिकारी असावा आणि त्याने खात्याचा आराखडा तयार करून सांभाळावा, असं त्यात होतं. त्याच वर्षी अर्थसंकल्प कार्यालयाचे प्रमुख फ्रँकलिन रेन्स यांनी खात्यांना पत्र पाठवलं: आराखड्याशी सुसंगत असलेल्या यंत्रणांसाठीच पैसे मागा. कोहेन स्वतः १९९७ मध्ये संरक्षणमंत्री झाले, म्हणजे आपण आणलेला कायदा पाळण्याची पाळी त्यांच्यावरच आली.

कायदा का लागला, ते एका उदाहरणाने कळेल. अमेरिकेतल्या विमान वाहतुकीचं नियंत्रण करणारी संस्था १९८० च्या दशकापासून आपल्या यंत्रणा नव्याने बांधत होती. १९९७ मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षकांनी तपासणी केली. पन्नासच्या वर यंत्रणा आणि जवळजवळ तितक्याच संगणक-भाषा! प्रत्येक गटाने आपापला तुकडा बांधला होता आणि तुकडे जोडायचा खर्च वेगळा होत होता. लेखापरीक्षकांनी त्या अहवालाच्या शीर्षकातच दोन गोष्टी मागितल्या. आराखडा पूर्ण हवा, आणि तो अमलात आणणारा हवा. पहिली गोष्ट पैसे टाकले की मिळते. दुसरीसाठी कोणाला तरी 'नाही' म्हणावं लागतं.

यानंतर चौकटींचं पीक आलं. संरक्षण खात्याने १९९६ मध्ये आपली चौकट काढली आणि २००३ मध्ये तिला नवं रूप दिलं. त्या नव्या रूपात छापील चित्रं आणि तक्ते धरून २६ प्रकारचे दस्तऐवज होते. संरक्षण खात्याच्याच जुन्या कामावरून १९९५ मध्ये टोगॅफ ही चौकट निघाली. आज जगभरच्या कंपन्या ती वापरतात आणि आपल्याकडची आयटीतली मुलंमुली तिच्या परीक्षाही देतात. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सगळ्या नागरी खात्यांसाठी समाईक चौकट आली. २००५ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याचीही आली.

मग सगळं सुरळीत झालं का? एफबीआयचं पाहा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तपासाच्या फायली कागदावरून संगणकावर आणायची घाई होती. त्यासाठी 'व्हर्च्युअल केस फाइल' नावाची यंत्रणा बांधायला घेतली. संस्थेचा समग्र आराखडाच नाही, असा इशारा लेखापरीक्षकांनी २००३ मध्ये दिला. २००५ मध्ये सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून ती यंत्रणा सोडून द्यावी लागली. न्यायखात्याच्या महानिरीक्षकांनी जी कारणं दिली त्यांत आराखड्याचा अभाव होताच. शिवाय गरजा नीट ठरवल्या नव्हत्या, कंत्राट सैल होतं आणि वरचे अधिकारी सतत बदलत होते. त्या जागी आलेली दुसरी यंत्रणा २०१२ मध्ये सुरू झाली. म्हणजे हल्ल्यानंतर अकरा वर्षांनी.

ही झाली आराखडा नसल्याची किंमत. आता तो असूनही मोजावी लागलेली किंमत बघू. अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या हिशेब, खरेदी, पगार अशा कारभारासाठी २००१ पासून आराखडा करायला घेतला. लेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये नोंदवलं की दहा वर्षांहून अधिक काळात त्यावर ३७ कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला, तरी त्याचा पुरेसा उपयोग झालेला नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी निरनिराळी खाती तपासली होती. आराखड्यांमुळे नेमका काय फायदा झाला, हे बहुतेकांनी नीट मोजून नोंदवलेलंच नव्हतं. दस्तऐवज मात्र होते.

हा रोग मी फौजेतही पाहिला आहे. तपासणी आली की रजिस्टरं चकचकीत होतात. तपासणारा रजिस्टर बघतो, गाडी सुरू होते का ते बघत नाही. हळूहळू युनिटला वाटायला लागतं की रजिस्टर हेच काम. आराखड्यांचंही तेच झालं. चित्रं काढणारे वेगळे, यंत्रणा विकत घेणारे वेगळे, आणि पैशावर सही करणारे तिसरेच. संरक्षण खात्याने २००९ मध्ये आपली चौकट बदलली आणि भर ठरावीक कागदांवरून काढून ज्या निर्णयाला जी माहिती लागेल तिच्यावर दिला. हे शहाणपण यायला तेरा वर्षं लागली.

आता आपल्या देशाकडे येऊ. २००६ मध्ये राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना मंजूर झाली, त्यात २७ मोठे प्रकल्प होते. प्रत्येक खात्याने आणि राज्याने आपापली यंत्रणा उभी केली. २०१८ मध्ये 'इंडिया' नावाची आपली राष्ट्रीय चौकट आली, म्हणजे इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर. तिच्यात कामकाज, माहिती, तंत्रज्ञान, सुरक्षा असे आठ नमुना-आराखडे आहेत, आणि नागरिकाला सगळी खाती मिळून एकच सरकार दिसावं हे तिचं उद्दिष्ट. चौकट चांगली आहे. पण चौकटीने काय होतं आणि काय होत नाही, हे समजायला मी तुम्हाला रेशन दुकानात घेऊन जातो.

तुमच्यापैकी कित्येकजण सुरत, इंदूर, हैदराबाद, बेळगाव इथून हे वाचत असाल. घर सोडून कामाला येणाऱ्या मजुराची अडचण तुम्हाला माहीत आहे. कार्ड गावच्या दुकानाचं, पोट परक्या शहरात. राज्यांनी रेशनचं संगणकीकरण केलं, पण प्रत्येकाने आपलं आपलं. मजूर राज्याची सीमा ओलांडायचा, त्याचा धान्याचा हक्क मात्र मागेच राहायचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये दोन जोड्यांनी सुरुवात झाली. आंध्र आणि तेलंगण ही एक, महाराष्ट्र आणि गुजरात ही दुसरी. 'एक देश, एक रेशन कार्ड' ते हेच. यात राज्यांच्या यंत्रणा मोडून एकच अवाढव्य यंत्रणा बांधली नाही. राज्यांचे आपले संगणक राहिले, फक्त जोडाच्या जागा समाईक ठरल्या: माणूस कसा ओळखायचा, दुकानातल्या यंत्राने कोणाला विचारायचं आणि धान्याचा हिशेब कोणाच्या नावे टाकायचा. रियाध आणि जहाज यांच्यामध्ये नेमकी हीच गोष्ट नव्हती.

पण सगळी राज्यं यात आपणहून पटापट आली नाहीत. २०२० मध्ये केंद्राने राज्यांच्या जादा कर्जाचा एक भाग या योजनेच्या अंमलबजावणीशी जोडला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ३१ जुलैपर्यंतची मुदत दिली. शेवटचं राज्य, आसाम, जून २०२२ मध्ये जोडलं गेलं. जोडाची रचना आधीच तयार होती. ती देशभर गेली पैसा आणि हुकूम तिच्या मागे उभे राहिल्यावर. अजूनही कुठे बोटांचे ठसे उमटत नाहीत, कुठे नेटवर्क नसतं, आणि तेव्हा माणूस रिकाम्या पिशवीने परततो. ते सुधारायलाच हवं. पण जोडाची जागा आता ठरलेली आहे, त्यामुळे बिघाड नेमका कुठे झाला हे तरी दाखवता येतं.

तेव्हा उद्या तुमच्या राज्यात नव्या डिजिटल योजनेची घोषणा झाली, तर चौकट कोणती आणि खर्च किती, यावर थांबू नका. हे दुसऱ्या कोणत्या यंत्रणांशी जोडायचं आहे, आणि न जुळणारी खरेदी अडवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला एका माणसाचं किंवा एका पदाचं नाव उत्तर म्हणून मिळालं, तर आराखडा कामाचा. समितीचं नाव मिळालं, तर तिला पैसा रोखता येतो का ते विचारा. आणि काहीच उत्तर मिळालं नाही, तर तो हुकूम अजून विमानानेच जातो आहे असं समजा.

पुढच्या भागात लष्करी नकाशे आणि भारताच्या सर्वेक्षणाचा इतिहास पाहू. तोवर जय हिंद.