गट-खेळोपचार (अत्याचारपीडित बालकांसाठी)

अत्याचारातून सावरणाऱ्या बालकांना समवयस्कांच्या लहान गटात, प्रशिक्षित समुपदेशकाच्या देखरेखीखाली खेळवून केला जाणारा मानसोपचार. जे मुलाला सांगता येत नाही ते खेळताना व्यक्त होते. असे सोसलेले आपण एकटेच नाही, हेही गटात उमगते.

इतिहास : सॅम्युएल स्लॅव्हसन यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मुलांसाठी कृतिप्रधान गटोपचार सुरू केले. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांच्या ‘प्ले थेरपी’ (१९४७) या ग्रंथामुळे खेळोपचाराला पद्धतशीर रूप मिळाले.

पद्धती : गटात मोजकीच मुले असतात. प्रत्येक बैठकीची सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो. पुढे काय होणार हे ठाऊक असले की मुलाची धास्ती कमी होते. ‘थांब’च्या खेळात एक मूल दुसऱ्याकडे चालत येते. समोरच्याने तळहात उभा केला की त्याने जागीच थांबायचे. ज्याचा नकार पूर्वी कोणी जुमानला नाही, त्याचा नकार इथे पाळला जातो. सापशिडीच्या घरांत राग, भीती, लाज यांचे चेहरे काढलेले असतात. सोंगटी तिथे पोहोचली की त्या भावनेविषयी बोलायचे किंवा ‘पास’ म्हणून पुढे जायचे.

यासाठी महागडे साहित्य लागत नाही. महाराष्ट्रातली लगोरी इंदूर-माळव्यात ‘सितोलिया’ म्हणून खेळतात. कोसळलेली चळत पुन्हा रचणे हेच तिचे सूत्र असल्याने ती उपचारालाही उपयोगी पडते. आंधळी कोशिंबीर आणि पकडापकडी मात्र जपून वापरावी लागते. डोळ्यांवरची पट्टी किंवा अचानक झालेला स्पर्श जुनी भीती जागी करू शकतो. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या इंदूरच्या मुलाला खेळाची भाषाही निवडू द्यावी.

कायदा व मर्यादा : काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांचे प्रकरण २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे येते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार बंधनकारक आहे. त्यामुळे समुपदेशकाने पूर्ण गुप्ततेचे वचन देऊ नये. खेळ हे चौकशीचे साधन नव्हे. मूल अजूनही अत्याचार करणाऱ्याच्या सहवासात असेल, तर आधी त्याची सुरक्षितता, मग उपचार. तातडीच्या मदतीसाठी देशभर १०९८ हा बाल मदत क्रमांक आहे.